सुराबाया : मदुरा सामुद्रधुनीवरचे कामकरी बंदर

दर्यावर्दी

इंडोनेशियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी बालीला उतरतात आणि तिथूनच परततात. ब्रोमो ज्वालामुखीवरचा सूर्योदय पाहायचा असेल तेवढेच ते सुराबायाला येतात, तेही मध्यरात्री गाडीत बसून डोंगराची वाट धरण्यापुरते. त्यामुळे जकार्तानंतरच्या या सर्वांत मोठ्या शहराविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. नोकरीच्या काळात मालवाहू जहाजांबरोबर माझे या बंदरात अनेकदा जाणे झाले आणि निवृत्तीनंतर केवळ शहर पाहण्यासाठीही मी तिथे राहून आलो. त्या आधारावर हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी.

सुराबाया जावा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. ही पूर्व जावा प्रांताची राजधानी. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २९ लाख भरली. ग्रेसिक, सिदोआर्जो असा लगतचा पट्टा धरला तर ती कोटीच्या जवळ जाते. शहर समजून घ्यायला नकाशावरच्या दोन गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे समोर आडवे पसरलेले मदुरा बेट. या बेटामुळे सामुद्रधुनीतले पाणी शांत राहते आणि जहाजांना बारमाही आसरा मिळतो. दुसरी म्हणजे ब्रांतास नदी. पूर्व जावाच्या ज्वालामुखींना वळसा घालून आलेली ही नदी मोजोकेर्तोपाशी दुभंगते. तिचा दक्षिणेचा फाटा पोरोंग नावाने समुद्राला मिळतो, उत्तरेचा सुराबायाकडे येतो आणि वोनोक्रोमोपाशी पुन्हा फुटतो. त्यातली काली मास ही शाखा शहराच्या मधून वाहत जुन्या बंदरात उतरते. तांदूळ, साखर, कॉफी असे आतल्या मुलखात जे काही पिकले ते शतकानुशतके याच पाण्याने खाली आले. ज्या गाळाने ही जमीन सुपीक केली तोच गाळ बंदराच्या तोंडाशी साचत राहतो, ही इथल्या बंदर अभियंत्यांची जुनी डोकेदुखी आहे.

शहराचा वर्धापनदिन ३१ मे रोजी साजरा होतो. १२९३ साली राजपुत्र विजयाने कुब्लाई खानाच्या सैन्याला याच किनाऱ्यावरून पिटाळून लावले आणि मजापहित साम्राज्याचा पाया घातला, त्याची ही आठवण. १३५८ च्या एका ताम्रपटात नावेने नदी ओलांडण्याच्या ठिकाणांची यादी आहे आणि तिच्यात सुराबायाचे नाव आढळते. मजापहितच्या उतरत्या काळात, पंधराव्या शतकात, सुनान अंपेल हे धर्मप्रसारक इथे स्थायिक झाले. जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ वलींपैकी ते एक. त्यांच्या मशिदीभोवतीचा अंपेल मोहल्ला आजही यात्रेकरूंनी फुललेला असतो. येमेनच्या हद्रामौत भागातून आलेल्या अरब व्यापाऱ्यांचे वंशज तिथे अत्तरे, खजूर आणि कापड विकतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुराबायाचे राज्य उत्तर किनाऱ्यावर सर्वांत बलवान होते. आतल्या मुलखातल्या मातारामचा सुलतान आगुंग याला ते घेण्यासाठी अनेक वर्षे मोहिमा कराव्या लागल्या. भोवतालची शेते उजाड करून आणि शेवटी नदीचे पाणी अडवून त्याने १६२५ मध्ये शहर जेरीस आणले. पुढे मातारामच घरच्या भांडणांनी दुबळा झाला आणि १७४३ मध्ये सुराबायासह हा किनारा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला.

सुराबायाचा खरा उत्कर्ष मात्र साखरेने झाला. १८३० नंतरच्या सक्तीच्या लागवडीने आणि १८७० नंतर खासगी भांडवलाने पूर्व जावात कारखान्यांची रांग उभी राहिली. सुराबाया ते पासुरुआन हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि १९०० च्या सुमारास सुराबाया लोकसंख्येत राजधानी बटाव्हियाच्याही (आजच्या जकार्ताच्या) पुढे होते. बटाव्हिया हे अधिकाऱ्यांचे शहर, तर सुराबाया व्यापारी, यंत्रशाळा, गोदीकामगार आणि खलाशी यांचे. हा फरक दोन्ही शहरांच्या स्वभावात आजही जाणवतो.

गंमत अशी की इतका व्यापार चालत असूनही विसावे शतक उजाडेपर्यंत मोठ्या जहाजांना धक्काच नव्हता. जहाजे सामुद्रधुनीत नांगर टाकत आणि तराफ्यांवरून माल काली मासमध्ये जाई. तांजुंग पेराक हे आधुनिक बंदर १९१० च्या दशकात बांधायला घेतले. आज जकार्ताच्या तांजुंग प्रियोकखालोखाल देशातले हे दुसरे बंदर आहे. मकास्सार, बांजारमासिन, अंबोन, पापुआ या साऱ्या पूर्व इंडोनेशियाचा सिमेंट, तांदूळ, साबण आणि मोटारसायकलींचा पुरवठा इथून होतो. गेल्या दशकात पश्चिमेकडची जलवाहिनी खोल आणि रुंद केली गेली आणि तेलुक लामोंग हे नवे टर्मिनल सुरू झाले.

मला विचाराल तर तांजुंग पेराकपेक्षा शेजारचा काली मासचा जुना धक्का पाहावा. लाकडी, उंच नाळेची, आता शिडाऐवजी इंजिनावर चालणारी बुगी आणि मदुरी गलबते तिथे एकमेकांना खेटून उभी असतात. धक्का आणि गलबत यांच्यामध्ये एक अरुंद फळी टाकलेली असते. पाठीवर सिमेंटची गोणी घेतलेला हमाल त्या फळीवर पाऊल ठेवतो तेव्हा ती मधोमध खाली वाकते, आणि फळीच्या हेलकाव्याला पावलाचा ठेका जुळवून तो वर जातो. ठेका चुकला तर माणूस गोणीसह पाण्यात. पलीकडे कंटेनर उचलणाऱ्या क्रेन दिसत असतात. लहान बेटांच्या धक्क्यांवर क्रेन नसते, म्हणून हा व्यापार टिकून आहे.

सोनचाफा

उत्तम धागा. दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. जाण्यासाठी कोणता काळ चांगला, आणि शाकाहारी माणसाची तिथे कितपत सोय होते?

दर्यावर्दी

सोनचाफाताई, शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सात अंशांवर आहे. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट आहेत. साधारण मे ते ऑक्टोबर कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. आपल्याकडे जुलैत झड लागलेली असते तेव्हा तिथे आभाळ निरभ्र असते. ऑक्टोबरमध्ये मात्र उकाडा असह्य होतो. जेवणाविषयी तिथे राहणाऱ्यांनी लिहिलेले बरे.

ऊसकरी

साखरेचा विषय निघालाच आहे तर श्रीरामपूर, फलटण, माळीनगर या बाजूच्या वाचकांसाठी थोडी भर घालतो.

१९३० पूर्वी भारतात जी पांढरी साखर आयात होई तिच्यात जावाच्या साखरेचा वाटा फार मोठा होता. निर्यातीत जावापुढे फक्त क्युबा होता, आणि हिंदुस्थान हे जावाच्या प्रमुख गिऱ्हाइकांपैकी एक. सुराबायाच्या व्यापारी पेढ्यांचे भवितव्य मुंबई आणि कलकत्त्याच्या मागणीवर अवलंबून असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९३२ मध्ये भारत सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, आयातीवर जबर जकात बसली आणि आपल्याकडे कारखाने झपाट्याने निघाले. दख्खनच्या कालव्यांवरच्या कारखानदारीला याच काळात बळ मिळाले. तिकडे जागतिक मंदी आणि गेलेली बाजारपेठ असा दुहेरी फटका बसून पूर्व जावातले कित्येक कारखाने बंद पडले. आपल्या साखरपट्ट्याच्या भरभराटीचा इतिहास लिहिताना सुराबायाच्या मंदीचे पान सहसा गळते, म्हणून इथे नोंदवले.

दुसरी गोष्ट बेण्याची. सुराबायाच्या आग्नेयेला, रेल्वेने जोडलेल्या पासुरुआन गावी डचांचे ऊस संशोधन केंद्र होते. तिथे रानटी उसाशी संकर करून तयार झालेली पी.ओ.जे. २८७८ ही जात १९२० च्या दशकाअखेर जावाच्या बहुतेक ऊसक्षेत्रावर पसरली होती. रोगाला दाद न देणारी आणि उताऱ्याला भरघोस अशी तिची ख्याती होती. कोइमतूरच्या केंद्राने ही जात आणि को २९० यांचा संकर करून को ४१९ काढली. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या "चारशे एकोणीस"च्या जोरावर माड्या बांधल्या, तिच्या रक्तात निम्मे पासुरुआन आहे. पासुरुआनचे केंद्र आजही चालू आहे. कृषी पदवीधरांनी ब्रोमोच्या वाटेवर तिथे जरूर थांबावे. गाव वाटेवरच लागते.

जुनी_पाने

मूळ लेखात १९४५ चा उल्लेख राहिला आहे. त्याशिवाय सुराबायाची ओळख पुरी होत नाही, आणि आपल्या दृष्टीने तर तो सर्वांत जवळचा भाग आहे.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी जकार्तात स्वातंत्र्य जाहीर केले. जपान शरण आला होता, डच परतले नव्हते आणि दोस्त राष्ट्रांचे सैन्य पोहोचायला वेळ लागणार होता. या पोकळीत सुराबायाच्या तरुणांनी जपान्यांची शस्त्रागारे ताब्यात घेतली. १९ सप्टेंबर रोजी यामातो हॉटेलवर काही डचांनी आपला तिरंगी झेंडा चढवला, तेव्हा जमाव वर चढला आणि त्याने खालचा निळा पट्टा फाडून तोच झेंडा इंडोनेशियाचा, म्हणजे लाल-पांढरा, करून पुन्हा फडकवला. हे हॉटेल आता मजापहित नावाने चालते. सिंगापूरचे रॅफल्स आणि रंगूनचे स्ट्रँड ज्या आर्मेनियन सार्कीस घराण्याने काढले त्याच घराण्यातल्या एकाने ते १९१० च्या सुमारास बांधले.

२२ ऑक्टोबरला नहदलातुल उलेमा या धार्मिक संघटनेने, जिचा जन्म १९२६ मध्ये याच शहरात झाला, परत येऊ पाहणाऱ्या डचांशी लढणे हे धर्मकर्तव्य असल्याचा ठराव केला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ब्रिगेडियर मॅलबी यांच्या हाताखालची ४९ वी भारतीय पायदळ ब्रिगेड सुराबायात उतरली. जपान्यांना निःशस्त्र करणे आणि छावण्यांतील युरोपीय कैद्यांना सोडवून बाहेर काढणे हे तिचे काम. या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, राजपुताना रायफल्सचे होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या खेड्यांतून बेळगावला भरती झालेली ही मुले ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या लढाया उरकून घरी जाण्याची वाट पाहत होती आणि त्याऐवजी त्यांची रवानगी जावात झाली.

मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता करून आपल्या तुकड्या शहरभर लहान लहान गटांत विखरून ठेवल्या. २७ तारखेला जकार्ताहून आलेल्या विमानाने पत्रके टाकली : सर्वांनी शस्त्रे खाली ठेवावीत. या पत्रकांची मॅलबींनाही कल्पना नव्हती. लोकांनी हा विश्वासघात मानला आणि २८ तारखेपासून विखुरलेल्या चौक्यांवर हजारो सशस्त्र तरुण तुटून पडले. काही चौक्या गोळ्या संपेपर्यंत लढल्या आणि तिथला एकही माणूस वाचला नाही. इंग्रजांनी सुकार्नोंना विमानाने आणून युद्धबंदी घडवली. ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी मॅलबी ही युद्धबंदी समजावून सांगत शहरात फिरत असताना जंबातान मेराह, म्हणजे लाल पुलाजवळच्या इंटरनाशिओ या व्यापारी पेढीच्या इमारतीपाशी त्यांची गाडी जमावाने अडवली. इमारतीत मराठा पलटणीची एक कंपनी कोंडली गेली होती. गोळीबार सुरू झाला आणि त्या गोंधळात मॅलबी मारले गेले. पहिली गोळी कोणी झाडली यावर दोन्ही बाजूंची कथने आजही जुळत नाहीत.

त्यानंतर पाचवी भारतीय डिव्हिजन आली. ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा इशारा देण्यात आला. बुंग तोमो या पंचविशीतल्या पत्रकाराने रेडिओवरून शहर पेटते ठेवले होते. इशारा धुडकावला गेला. १० नोव्हेंबरच्या सकाळपासून जमिनीवरून, समुद्रातून आणि हवेतून मारा सुरू झाला. घराघरांतून लढत शहर ताब्यात यायला जवळपास तीन आठवडे लागले. इंडोनेशियन मृतांचा अंदाज सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत वेगवेगळा दिला जातो. लष्करी दृष्ट्या शहर पडले, पण हे मूठभर जपानधार्जिण्या लोकांचे बंड आहे हा डचांचा दावा त्यानंतर जगात कोणी मानेना. १० नोव्हेंबर हा इंडोनेशियाचा वीर दिन झाला, शहराच्या तंत्रविद्यापीठालाही तेच नाव मिळाले आणि ४१.१५ मीटर उंचीचा तुगू पहलावान हा स्तंभ १९५२ मध्ये उभा राहिला.

सोनचाफा

हे वाचून सुन्न झाले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या मुलांना दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यावर गोळ्या झाडायला लावले गेले. याविरुद्ध आपल्याकडे कोणी आवाज उठवला होता का? आणि त्या जवानांचे तिथे काही स्मारक आहे का?

जुनी_पाने

आवाज उठला होता. नेहरूंनी आणि काँग्रेसने इंडोनेशियात भारतीय सैन्य वापरण्याचा उघड निषेध केला. प्रत्यक्ष जावातही काही भारतीय सैनिक पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेले. मुंबईशी जोडलेला दुवा तर फारच थेट आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये तलवार या नौदल तळावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावाच्या मागण्यांमध्ये जेवण, पगार आणि आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका यांच्या जोडीने भारतीय सैन्य इंडोनेशियातून परत बोलवावे ही मागणीही होती. आपल्याकडे या उठावावर बोलताना निकृष्ट अन्नाची गोष्ट रंगवून सांगितली जाते आणि ही मागणी वगळली जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. नाविकांना जगात काय चालले आहे याचे पक्के भान होते.

सुराबायाच्या खलाशांनाही बंडाचा वारसा होता. १९३३ मध्ये पगारकपातीविरुद्ध इथल्या नौदल तळावर असंतोष उसळला आणि धरपकडीची बातमी पोहोचताच सुमात्राजवळ असलेल्या झेवेन प्रोविन्सियन या डच युद्धनौकेवरच्या इंडोनेशियन आणि डच नाविकांनी मिळून नौका ताब्यात घेतली आणि सुराबायाच्या दिशेने हाकारली. डचांनी विमानातून बाँब टाकून हे बंड मोडले. २३ नाविक मेले.

स्मारकाविषयी : मॅलबींची कबर जकार्तातल्या मेंतेंग पुलो येथील युद्ध दफनभूमीत आहे आणि तिथे भारतीय सैनिकांच्याही कबरी आहेत. सुराबायात तुगू पहलावानच्या तळघरातले संग्रहालय पाहावे. स्वाभाविकच ते त्यांच्या बाजूने सांगितले आहे. इंटरनाशिओची इमारत पुलाजवळ अजून उभी आहे.

अंगणातली_तुळस

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे सुराबायात राहत आहोत. सोनचाफाताईंच्या जेवणाच्या प्रश्नाला उत्तर देते.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला सावध राहावे लागते. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू गल्लोगल्ली मिळतात. अडचण पेतिसची आहे. कोळंबी उकळून आटवलेला हा काळा, चिकट, गोडसर रस सुराबायाच्या निम्म्या पदार्थांत असतो. वरकरणी फक्त भाज्या, मोड आलेली कडधान्ये, टोफू आणि केळीच्या पानातला घट्ट भात दिसणाऱ्या लोंतोंग बालापमध्येही तो येतो. पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. पण त्या चटणीतही सुकवलेल्या कोळंबीचा गोळा, म्हणजे तेरासी, असू शकतो. "तानपा पेतिस, तानपा तेरासी" हे शब्द पाठ करून ठेवावेत, म्हणजे दोन्ही वगळून मिळते. शहराची खरी शान असलेली रावोन ही काळी रस्साभाजी गोमांसाची असते आणि रुजाक चिंगुरमध्ये गाईचे नाक उकडून घातलेले असते, हे आधीच सांगितलेले बरे. रावोनचा काळा रंग क्लुवाक नावाच्या बीमुळे येतो. हे बी ताजे असताना विषारी असते. उकडून, राखेत पुरून आणि आंबवून ते खाण्याजोगे करतात.

रुजाक खायचे नसले तरी करताना पाहावे. बाई ताटाएवढ्या दगडी पाट्यावर शेंगदाणे, मिरची, कच्च्या केळ्याचा तुकडा आणि पेतिस घेते आणि आडव्या मुठीच्या वरवंट्याने गोल रगडत राहते. मिरच्या किती, हे मध्येच विचारते. मग त्याच पाट्यावर भाज्या चिरून टाकून हाताने कालवते आणि कागदावर वाढते. वाटण आधी करून ठेवलेले कोणीच खपवून घेत नाही.

मला या शहरात सर्वांत आवडल्या त्या इथल्या वस्त्या. "कांपुंग" म्हणजे मुळात खेडे. शहर वाढत गेले तशी ही खेडी रस्त्यांच्या मागे तशीच राहिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पालिकेने त्या पाडून इमारती उभारण्याऐवजी जागच्या जागी सुधारायचे ठरवले : गटारे, फरसबंद वाट, पाण्याचे नळ. साहित्याचा काही भाग पालिकेचा, श्रम आणि थोडे पैसे रहिवाशांचे. कबालेन या वस्तीतल्या कामाला १९८६ मध्ये आगा खान वास्तुपुरस्कार मिळाला. माझ्या घरामागच्या वस्तीत शिरताना पाटी आहे : मोटारसायकलवरून उतरा आणि ती ढकलत न्या. लोक खरोखर उतरतात. गल्लीची रुंदी दोन माणसे शेजारून जातील इतकीच, दोन्ही बाजूंना कुंड्या, वर वेलींचा मांडव. पुनर्विकास म्हणजे टॉवर एवढेच डोक्यात असलेल्या मुंबईच्या माणसाने इथे एक चक्कर मारावी.

२०१० ते २०२० या काळात त्री रिस्माहारिनी महापौर होत्या, या पदावरच्या पहिल्या महिला. स्वतः वास्तुविशारद असल्याने त्यांनी पेट्रोल पंपांच्या आणि पडीक जागांच्या बागा केल्या. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सुरोबोयो बसमध्ये भाडे म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या घेत. त्याच वर्षी मे महिन्यात शहरातल्या तीन चर्चवर आत्मघाती हल्लेही झाले. मिश्र वस्तीचे, मोकळ्या स्वभावाचे म्हणून मिरवणाऱ्या शहराला तो घाव वर्मी लागला.

शिलालेख

एक छोटी भर. राज्यपालांच्या ग्राहादी निवासस्थानासमोरच्या बागेत झाडाखाली जोको दोलोग नावाची दगडी मूर्ती आहे. ध्यानस्थ बुद्धाची, म्हणजे अक्षोभ्याची. सिंहासारी राज्याचा राजा कृतनगर याचे ते रूप मानले जाते. डचांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतल्या प्रदेशातून इथे आणली. तिच्या बैठकीवर कोरलेला लेख संस्कृत श्लोकांत आहे आणि त्यावर शके १२११, म्हणजे इसवी सन १२८९, असा काळ आहे. भराड नावाच्या सिद्धाने जावाची दोन राज्यांत वाटणी कशी केली आणि राजाने ती पुन्हा एक कशी केली, हे त्यात सांगितले आहे. आपल्या पंचांगातला शक तिथल्या दगडावर वाचताना विशेष काही करावे लागत नाही, फक्त लिपी जुनी जावी आहे. आसपासचे लोक मूर्तीला चौकड्यांचे वस्त्र नेसवतात, फुले वाहतात, उदबत्ती लावतात. हे लोक बहुतांशी मुसलमान आहेत आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेला.

जुनी_पाने यांनी १९४५ लिहिले आहे, तर त्याच्या आधीची एक पायरी जोडतो. पेनेलेह भागातल्या अरुंद गल्लीत एक साधे बैठे घर जपून ठेवले आहे. हे सारेकात इस्लाम या डच अमलातल्या मोठ्या मुस्लिम राजकीय संघटनेचे नेते चोक्रोआमिनोतो यांचे घर. उत्पन्नाला जोड म्हणून ते विद्यार्थ्यांना खानावळीसह खोल्या देत. १९०१ मध्ये याच शहरात जन्मलेले सुकार्नो शाळेत असताना इथे राहिले. पुढे कम्युनिस्ट पक्षाचे नेते झालेले मुसो आणि इस्लामी राज्यासाठी बंड करणारे कार्तोसुविर्यो हेही वेगवेगळ्या काळात चोक्रोआमिनोतोंच्याच छायेखाली वाढले. १९४८ च्या मादिउनच्या उठावात मुसो मारले गेले, तर कार्तोसुविर्योंना १९६२ मध्ये सुकार्नो राष्ट्राध्यक्ष असताना देहदंड झाला. या घरातली माळ्यावरची खोली इतकी बुटकी आहे की ताठ उभे राहता येत नाही.

लोककलेची आवड असणाऱ्यांनी लुद्रुक पाहावे. गोदीकामगार आणि रिक्षावाल्यांच्या गर्दीत वाढलेले हे नाट्य. स्त्रीभूमिका पुरुष करतात, सुरुवातीला रेमो नृत्य होते, मग विनोदी पात्र येऊन चालू घडामोडींवर पदे गाते, आणि त्यानंतर कथानक. तमाशातल्या सोंगाड्याला ओळखणाऱ्याला भाषा न येताही हशा कुठे पिकणार हे कळते. चाक दुरासिम या कलावंताने जपानी अमलात लोकांचे हाल पदातून मांडले म्हणून त्याला पकडण्यात आले आणि तो १९४४ मध्ये गेला. शहराच्या सांस्कृतिक केंद्राला त्याचे नाव आहे. "चाक" म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. रिक्षावाल्यालाही याच शब्दाने हाक मारावी, काम लवकर होते.

मदुराला जायचे असेल तर २००९ मध्ये खुला झालेला, साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबीचा सुरामादू पूल आहेच; २०१८ पासून त्यावर पथकरही नाही. तरीही मी उजुंग धक्क्यावरून सुटणारी जुनी फेरी सुचवीन. तिच्यावरून नौदलाचा तळ, जहाजबांधणीच्या गोद्या आणि समुद्राकडे पाहत उभा असलेला नौसैनिकाचा प्रचंड पुतळा दिसतो. नौदलाचे ब्रीद "जलेष्वेव जयामहे" हेच पुतळ्याचेही नाव. सोव्हिएत बनावटीची पासोपाती ही निवृत्त पाणबुडी शहरातच काली मासच्या काठावर ठेवली आहे आणि आत उतरून पाहता येते. उंच माणसांनी डोके सांभाळावे.

दक्षिणेला पोरोंगपाशी २००६ च्या मे महिन्यात वायूच्या विहिरीजवळ जमिनीतून गरम चिखल उसळला. त्याखाली गावेच्या गावे गाडली गेली आणि महामार्ग तोडावा लागला. विहिरीचे खोदकाम की दोन दिवस आधीचा भूकंप, यावर शास्त्रज्ञांचा वाद झाला. बांधावरून तो करडा सपाट प्रदेश दिसतो. लोक तिथे सहलीसारखे जातात. मी एकदा गेलो. पुन्हा जाणार नाही.

राहण्यासाठी दोन रात्री पुरेत. पहिल्या दिवशी सकाळी उन्हाआधी काली मासचा धक्का, मग लाल पूल, इंटरनाशिओ आणि अंपेल, हे सारे एकाच बाजूला येते. दुपार संपूर्णा या सिगारेट कंपनीच्या संग्रहालयात काढावी. १८६२ च्या डच अनाथाश्रमाच्या इमारतीत ते आहे, आणि लवंग घातलेल्या क्रेतेकचा वास दारातच येतो. दुसऱ्या दिवशी तुगू पहलावान, जोको दोलोग आणि पेनेलेह. जकार्ताहून येणार असाल तर विमानाऐवजी उत्तर किनाऱ्याने येणारी आर्गो ब्रोमो आंग्रेक ही गाडी घ्या. ती पासार तुरी स्थानकात उतरवते आणि तिथून तुगू पहलावान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोनचाफाताई, तुमचे जायचे नक्की झाले की तारखा कळवा. फेरीच्या धक्क्यापर्यंत कसे जायचे ते सविस्तर लिहीन.